‘वैयक्तिक निवड’ म्हणून फाइल बंद करणाऱ्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या खात्याचं उत्तर परवा हाती पडलं. ‘धूम्रपान ही वैयक्तिक निवड असल्याने रुग्ण व नातेवाइकांच्या जनुकीय तपासणीचा खर्च मंजूर करता येत नाही.’ सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. ३१ मेला, तंबाखूविरोधी दिनाच्या व्यासपीठावरून, सीओपीडीच्या, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराच्या, प्रत्येक रुग्णाची ही तपासणी एकदा तरी मोफत होईल, असं आपणच म्हणाला होतात. टाळ्या मीही वाजवल्या.

तो रुग्ण म्हणजे माझा धाकटा भाऊ. चाळिशीतच ऑक्सिजनवर आहे. ‘सिगारेट सोडा’ सगळ्यांनी सांगितलं, पण इतक्या लवकर एम्फिसीमा, म्हणजे फुप्फुसातले वायुकोश नष्ट होण्याचा आजार, कसा, हे वर्षानुवर्षं कुणी विचारलं नाही. शेवटी आम्हीच पैसे भरून रक्त तपासलं. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन जवळजवळ नाहीच. यकृतात बनणारं हे प्रथिन फुप्फुसांना आपल्याच पांढऱ्या पेशींच्या विकरांपासून वाचवतं. धूर त्या पेशींना फुप्फुसात गोळा करतो आणि उरलंसुरलं प्रथिनही निकामी करतो. मग वायुकोशांच्या भिंती विरत जातात.

माझीही तपासणी केली. हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही सदोष प्रती माझ्यातही आहेत! मी कधी ओढली नाही. भावाहून मोठी असून जिने चढते. आई-वडील तेच, दोष तोच, फरक धुराचा. १९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिकसन यांनी हा दोष शोधला. सीओपीडीच्या रुग्णांची एकदा ही तपासणी व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९७ मध्येच मांडलं. युरोपीय वंशाच्या लोकांत दोन ते पाच हजारांत एक, असं प्रमाण सांगतात. एवढ्याशा मतांसाठी कोण धावपळ करणार, कळतं मला.

मला काय कळत नाही, ते सांगते. रात्रभर यंत्राच्या घरघरीत त्याचा श्वास वेगळा ऐकू येतो का, याकडे कान लावून मी पडते. नोकरी सुटली. झोप तर कधीच गेली. मुलगा सोळा वर्षांचा. त्याच्यात एक सदोष प्रत नक्की आहे, कारण ती माझ्याकडूनच जाते. दुसरी आहे का, हे त्याने पहिली सिगारेट हातात घेण्याआधी कळायला नको? ‘निवड’ तुमच्या खात्याला फार प्रिय ना, मग निवडायला माहिती तरी द्या.

आणि तुमची ती मुलाखत! ‘काही जण नव्वदीपर्यंत ओढतात, शेवटी सगळं जनुकांत असतं.’ वा. हेच १९५८ च्या सुमारास ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर सांगत होते, तेही तंबाखू कंपन्यांचे सल्लागार असताना. पुढे एकसारख्या जुळ्यांच्या अभ्यासांनी ते खोडलं: जनुकं तीच, पण ओढणाऱ्या भावंडात फुप्फुसाचा कर्करोग जास्त. २००८ मध्ये पंधराव्या गुणसूत्रावर निकोटिनच्या ग्राहींशी, म्हणजे पेशींवर निकोटिन जिथे चिकटतं त्या प्रथिनांशी, संबंधित जनुकीय बदल सापडला. त्याच्या एका प्रतीमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारण ३० टक्के वाढतो. धूम्रपानाने तो १५ ते ३० पट वाढतो. टक्के आणि पट, एवढा हिशेब अर्थसंकल्प वाचणाऱ्यांना जमायला हरकत नसावी. शिवाय हा बदल असलेली माणसं जास्त ओढतात, म्हणजे तुमची ‘वैयक्तिक निवड’ही तितकी वैयक्तिक नाही.

म्हणजे कंपनीला वाचवायचं तेव्हा दोष जनुकांचा आणि रुग्णाचं बिल आलं की दोष त्याच्या इच्छाशक्तीचा. दरवर्षी जगात सत्तर लाख म्हणा, ऐंशी लाख म्हणा, माणसं तंबाखूने मरतात. कर मात्र वेळेवर जमा होतो. त्यातून रस्ते होतात, सत्कार होतात, तपासणीला तेवढी ‘तरतूद नाही’. तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम ५.३ सांगतं, या धोरणांत उद्योगाची लुडबुड नको. मंत्रालयाच्या दारात ते कुणी लावलंय का?

मुलाच्या तपासणीचा अर्ज पुन्हा जोडते आहे. पहिला गहाळ झाला, असं तुमच्या कार्यालयातूनच कळलं. भावाच्या खर्चाचा निर्णयही फिरवा. आणि या वेळी उत्तर फुप्फुसाच्या डॉक्टरकडून लिहून घ्या, कारकुनाकडून नको.

एका रुग्णाची बहीण