परवाना खोडापुरताच का?

संरक्षित झाडे तोडण्याच्या परवान्याचे नियम शिथिल करू नयेत, हे सांगणारा आपला अग्रलेख वाचला. तो पटला, तरी त्यात एक मुद्दा राहून गेला आहे. झाड संरक्षित आहे की नाही, हे अनेक ठिकाणी छातीच्या उंचीवर, म्हणजे सुमारे १.३ ते १.४ मीटरवर, खोडाची जाडी मोजून ठरते. मुळे मात्र बहुतांशी वरच्या मीटरभर मातीतच, फांद्यांच्या विस्ताराच्याही पलीकडे पसरलेली असतात. नळासाठी चर खणताना ती तोडली, तर त्या दिवशी एक पानही गळत नाही. काही वर्षांनी शेंडा वाळू लागतो आणि ‘धोकादायक’ असा शेरा मिळून तेच झाड अगदी रीतसर तोडले जाते. म्हणून खोदकामाच्या परवान्यासोबतच्या नकाशावर मुळांचा घेर आखणे सक्तीचे करावे.