प्रत्येक कोळी मारायचा नसतो

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.
पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोळ्याचे फोटो आणि "विषारी आहे, लगेच मारा" असले मेसेज सुरू होतात. परवा शेजारच्या काकूंनी बाथरूममधल्या कोळ्यावर अख्खा स्प्रे संपवला, तळहाताएवढा, चपटा, तपकिरी, पोटाखाली पांढरी गोल चकती धरलेला, ती चकती म्हणजे त्या कोळ्याच्या मादीची अंडी हो! ही जात जाळं विणत नाही, रात्री झुरळं पकडते, आणि माणसाला हिचा धोका नाही. विष जवळपास सगळ्याच कोळ्यांना असतं पण ते किड्यांसाठी. ब्लॅक विडो या विषारी कोळ्याचा म्हणून ग्रुपवर फिरणारा फोटो काळ्या चकचकीत पोटाखाली लाल खूण असलेल्या अमेरिकेतल्या कोळ्याचा असतो, आपल्या कोथरूडच्या बाथरूममधला नाही.
कोळी नकोच असतील तर खिडकीच्या जाळीची भोकं बुजवा, माळ्यावरचे खोके काढा, झाडूने जळमटं काढा, बाल्कनीत पांढऱ्याऐवजी पिवळा दिवा लावा म्हणजे किडे कमी येतात. आत आलेल्यावर डबा ठेवायचा, खालून पुठ्ठा सरकवायचा आणि बाहेर सोडायचा. चावलाच तर साबणाने धुवा, बर्फ लावा, सूज वाढली तर डॉक्टरकडे जा. घरात रांगतं बाळ असताना स्प्रे मारत सुटू नका, कळकळीने सांगतेय.
– एक वाचक, कोथरूड, पुणे