खोल समुद्राच्या चिखलात कोण राहते, हे आधी कळू द्या

प्रति,
मा. केंद्रीय मंत्री, पृथ्वी विज्ञान मंत्रालय,
पृथ्वी भवन, लोधी रोड, नवी दिल्ली

विषय : मध्य हिंदी महासागरातील खाणकामापूर्वी तिथल्या तळावरील प्राण्यांची नोंद पूर्ण करण्याबाबत

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. दर हिवाळ्यात मोठी सुकती, म्हणजे ओहोटी, असेल त्या दिवशी मुलांना घेऊन किनाऱ्यावर जाते. अर्ध्या मीटरची लाकडी चौकट वाळूवर ठेवायची, आतली वाळू बादलीत भरायची, पाण्यात धरून चाळायची आणि चाळणीत उरेल ते मोजायचे, असा आमचा कार्यक्रम असतो. एकेका चौकटीत कधी दोन-दोनशे जीव निघतात, पण जाती चार-पाचच. लहान तिसऱ्या, म्हणजे शिंपले, एखादा शंख, एक-दोन प्रकारचे कृमी. मुले खूश असतात, कारण वही भराभर भरते.

पाच हजार मीटर खोलीवरच्या चिखलाचे नेमके उलटे असते. तेवढ्याच चौकटीतून वर येणारे जीव मोजकेच आणि बहुतेक तांदळाच्या दाण्याहूनही लहान. पण सूक्ष्मदर्शकाखाली निवडायला बसले की जवळजवळ प्रत्येक जण वेगळ्या जातीचा निघतो. हे पत्र मी या एका गोष्टीसाठी लिहिते आहे. समुद्रतळावर खाणकाम करावे की नाही, किती करावे आणि कुठे करू नये, हे ठरवताना "दर चौरस मीटरला किती प्राणी" एवढाच आकडा आपल्या टेबलावर आला, तर तो आकडा आपली दिशाभूल करील.

आपल्या मंत्रालयाच्या हाती आज ७५,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ आहे. कोकणाच्या जवळजवळ अडीचपट. देशांच्या हद्दींबाहेरच्या समुद्रतळाचे परवाने देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी २००२ साली झालेल्या करारामुळे तिथे नोड्यूल, म्हणजे बहुधातुक गोळे, शोधण्याचा हक्क भारताला मिळाला. बटाट्याएवढे काळपट गोळे. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट. सरकारी अंदाजानुसार असे ३८ कोटी टन गोळे तिथे आहेत. या कामाची सुरुवात आमच्या शेजारी गोव्यात झाली याचा मला मनापासून अभिमान आहे. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेने 'गवेषणी' जहाजावरून २६ जानेवारी १९८१ रोजी पहिले गोळे वर काढले. २०२१ मध्ये डीप ओशन मिशनला, म्हणजे खोल समुद्राच्या सरकारी मोहिमेला, पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपये मंजूर झाले आणि त्याच वर्षी 'वराह' हे समुद्रतळावर खाणकामासाठी बनवलेले यंत्र ५,२७० मीटर खोलीवर चालवून पाहण्यात आले. आपल्या अभियंत्यांनी जे साधले ते फार थोड्या देशांना जमले आहे. यंत्र खाली पोहोचले. आता तिथल्या प्राण्यांबद्दलचे ज्ञानही तिथवर पोहोचायला हवे.

खोल समुद्र ओसाड आहे हा समज जुना आहे आणि तो पुन्हा पुन्हा चुकीचा ठरला आहे. १८४० च्या दशकात एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने ३०० फॅदमच्या, म्हणजे सुमारे ५५० मीटरच्या, खाली जीवसृष्टी नसावी असे मांडले. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाने जगभर जाळी टाकून त्याहून कितीतरी खोलवरचे प्राणी वर काढले. तरीही "आहेत, पण थोडेच प्रकार" हे मत पुढे जवळजवळ शंभर वर्षे टिकले. कारण साधे होते. जाळ्यांची भोके मोठी होती. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या वुड्स होल सागरी संशोधन संस्थेच्या हॉवर्ड सँडर्स आणि रॉबर्ट हेसलर यांनी बारीक जाळीची घसरगाडी न्यू इंग्लंड ते बर्म्युडा या पट्ट्यात तळावरून ओढली, तेव्हा चिखलातून इतक्या जाती निघाल्या की उष्ण कटिबंधातल्या उथळ समुद्राशी तुलना करावी लागली. चाळणीचे भोक किती मोठे, यावर शास्त्राचे मत शंभर वर्षे अडून राहावे, हे मी मुलांना दर वर्षी सांगते. खोल समुद्राच्या कामात आज ०.३ मिलिमीटरची चाळण वापरतात. आम्ही किनाऱ्यावर वापरतो ती अर्ध्या मिलिमीटरची चाळण तिथे नेली तर कितीतरी जाती पाण्याबरोबर निघून जातील.

यापुढचे उदाहरण आपल्या खात्याशी थेट जुळणारे आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या न्यू जर्सी आणि डेलावेअर किनाऱ्यांसमोर, सुमारे दोन हजार मीटर खोलीवर, तेल शोधण्याआधी तळाचे सर्वेक्षण झाले. पैसा सरकारच्या खनिज व्यवस्थापन विभागाचा होता. फ्रेडरिक ग्रासल आणि नॅन्सी मासिओलेक यांनी चिखलाचे २३३ नमुने तपासले. सगळे मिळून २१ चौरस मीटर, म्हणजे एखादी लहान वर्गखोली. त्यातून ९०,६७७ प्राणी निघाले आणि ते ७९८ जातींचे होते. निम्म्याहून अधिक जाती विज्ञानाला नवीन होत्या. १९९२ मध्ये या आकड्यांवरून त्यांनी जगाच्या समुद्रतळावर १ कोटी जाती असाव्यात असा अंदाज केला. त्याच वर्षी परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट मे यांनी तो ५ लाखांवर आणला. दोन अंदाजांत वीसपटींचा फरक, आणि दोन्ही जाणकारांचे. पण खनिज खात्याच्या पैशातून झालेले ते मोजमाप जातींच्या पातळीपर्यंत गेले आणि छापले गेले, म्हणून तर हा वाद होऊ शकला.

खोलीनुसार विविधता कशी बदलते याचा एक आराखडा वायव्य अटलांटिकमध्ये जीवशास्त्रज्ञ मायकेल रेक्स यांनी दाखवला. खंडाच्या उतारावरून खाली जाताना जाती वाढत जातात, दोन-तीन हजार मीटरच्या आसपास सर्वाधिक होतात आणि अथांग मैदानावर, म्हणजे खोल तळाच्या सपाट पसाऱ्यावर, पुन्हा कमी होतात. यामागे मुख्यतः अन्न आहे. वरच्या उजेडातल्या पाण्यात तयार होणाऱ्या अन्नापैकी शंभरातला जेमतेम एखादा भाग इतक्या खाली पोहोचतो, मेलेल्या प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांच्या, आणि विष्ठेच्या भुरभुरीच्या रूपात. अक्षांशांचे चित्र तर किनाऱ्यावर शिकलेल्या माणसाला उलटेच वाटेल. ब्रिटल स्टार म्हणजे समुद्रताऱ्यांचे सडपातळ, लांब हातांचे भाऊबंद. त्यांच्या दोन हजारांहून अधिक जातींच्या नोंदी एकत्र करून २०१६ मध्ये दिसले की उथळ पाण्यात त्यांची विविधता विषुववृत्ताजवळ सर्वाधिक असते, पण दोन हजार मीटरखाली ती ३० ते ५० अंशांच्या पट्ट्यात, जास्त अन्न खाली येते अशा खंडांच्या कडांजवळ वाढते.

हे वाचून कोणी आपल्याला सांगेल की मग आपला पट्टा गरीबच असणार, कारण तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला, खंडांपासून दूर आणि पाच हजार मीटरहून खोल आहे. हा निष्कर्ष मला मान्य नाही. ब्रिटल स्टार हा एकच गट झाला. सूत्रकृमी, पॉलिकीट म्हणजे अंगावर केस असलेले कृमी, आयसोपॉड म्हणजे खेकडा-कोळंबीच्या नात्यातले लहान जीव, यांचे नियम वेगळे असू शकतात. शिवाय ही सूत्रे ज्या नमुन्यांवर उभी आहेत त्यांत हिंदी महासागराचा वाटा फार लहान आहे. अटलांटिकचा आलेख आपल्या खोऱ्यावर चिकटवून चालणार नाही.

प्रशांत महासागरातल्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात गोळे शोधण्याच्या परवान्यांमुळेच भरपूर सर्वेक्षण झाले. तिथे काय दिसले? २०२३ च्या मोजणीनुसार तिथून ५,५७८ जातींच्या नोंदी आहेत आणि दहांतल्या नऊ जातींना अजून नावच नाही. त्याच वर्षी समुद्रतळाच्या हजारो छायाचित्रांवरून आणखी एक गोष्ट पुढे आली. एकसारख्या वाटणाऱ्या त्या मैदानात खोली काहीशे मीटरने बदलली की प्राणीसमाजच बदलतो. वरच्या भागात मऊ प्रवाळ, ब्रिटल स्टार आणि शंखशिंपले, तर खालच्या भागात समुद्रफुले, काचस्पंज आणि समुद्रकाकड्या. खाली चुना पाण्यात विरघळतो, म्हणून कवच बांधणाऱ्यांना तिथे घर करणे अवघड जाते.

आपल्या खोऱ्याचा तळही एकजिनसी नाही. उत्तरेला गंगा-ब्रह्मपुत्रेने वाहून आणलेला गाळ, मध्ये डायाटम आणि रेडिओलारियन या सूक्ष्म जीवांच्या सिलिकामय सांगाड्यांचा चिखल, दक्षिणेला लाल चिकणमाती. सर्वांत चांगले गोळे मधल्या सिलिकामय चिखलावर आहेत. म्हणजे यंत्र जाईल ते एकाच प्रकारच्या वस्तीत. उद्या कागदावर "संरक्षित क्षेत्र" दाखवायचे म्हणून लाल मातीचा, गोळे नसलेला तुकडा बाजूला काढला, तर गोळ्यांवर राहणाऱ्यांना त्याचा काही उपयोग नाही. मऊ चिखलाच्या त्या अफाट पसाऱ्यात घट्ट धरायला गोळा हीच एक कठीण जागा असते. स्पंज, प्रवाळ, समुद्रफुले त्यावरच बसतात. पेरूजवळच्या खोऱ्यात चार हजार मीटरहून खाली ऑक्टोपस माद्या मेलेल्या स्पंजांच्या देठांवर अंडी घालून त्यांची राखण करताना दिसल्या, आणि ते देठ गोळ्यांवर रुजलेले होते. हा गोळा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. पेरूच्याच खोऱ्यात १९८९ मध्ये प्रयोगासाठी नांगरलेल्या तळावर २६ वर्षांनी नांगराचे चर तसेच होते.

समुद्रतळावरच्या गरम पाण्याच्या झऱ्यांचा नियम आणखी निराळा आहे. तिथे जाती थोड्या, प्राणी खच्चून, आणि कित्येक जाती दुसरीकडे कुठेच नाहीत. हिंदी महासागराच्या कण्यावर, म्हणजे तळावरच्या डोंगररांगेवर, २००१ मध्ये सापडलेली, पायावर लोहयुक्त खवले असलेली गोगलगाय २०१९ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत गेली, आणि खोल समुद्रातल्या संभाव्य खाणकामामुळे त्या यादीत गेलेली ती पहिलीच जात. त्या कण्यावर सल्फाइड या धातुयुक्त खनिजांसाठी भारतानेही २०१६ मध्ये करार केला आहे. त्याविषयी मी वेगळे लिहीन.

आता मागणे. १९९७ मध्ये आपल्याच शास्त्रज्ञांनी 'इंडेक्स' प्रयोगात ३ किलोमीटर लांब आणि २०० मीटर रुंद तळाचा पट्टा मुद्दाम ढवळून पाहिला होता. २०२७ मध्ये त्याला ३० वर्षे होतील. तिथे जहाज परत पाठवावे, बारीक चाळणीने नमुने घ्यावेत आणि जातींची यादी, छायाचित्रे व जनुकीय माहिती सगळ्यांना खुली करावी, अगदी आमच्यासारख्या तालुक्याच्या महाविद्यालयालाही. उत्खननाच्या परवान्याकडे जाण्याआधी करारक्षेत्रातला, भरपूर गोळे असलेला मोठा भाग कायमचा वगळावा. तो निवडताना खोली, चिखलाचा प्रकार आणि वरून येणारे अन्न, तिन्ही पाहावीत. क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात प्राधिकरणाने अशी १३ क्षेत्रे राखली आहेत. मध्य हिंदी महासागरासाठी तसाच आराखडा व्हावा म्हणून भारतानेच पुढाकार घ्यावा. हे होईपर्यंत उत्खनन सुरू करू नये, असे मी स्पष्टपणे म्हणते. फ्रान्सने बंदीची भूमिका घेतली आहे, जर्मनीने थांबा म्हटले आहे. आपण थांबलो तर एकटे पडणार नाही.

माणसांना खोल तळावर नेणाऱ्या मत्स्य-६००० या पाणबुडीच्या २.१ मीटर व्यासाच्या टायटॅनियम गोलात तीन जणांची जागा आहे. एका तरी फेरीत त्यातली एक जागा समुद्रतळाचे प्राणी ओळखणाऱ्या माणसाला द्यावी. अशी माणसे देशात फार थोडी उरली आहेत. आयसोपॉडचा एक गट नीट ओळखायला शिकण्यात आयुष्याची दहा वर्षे जातात, आणि त्यानंतरची नोकरी कुठे मिळेल हे कोणी सांगू शकत नाही. मिशनच्या निधीतून वर्गीकरणशास्त्रज्ञांची कायम पदे निर्माण करावीत.

माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात दोन मुली आहेत. किनाऱ्यावरचे नमुने बाटल्यांत भरून झाले तरी त्या प्रयोगशाळेत उशिरापर्यंत बसून पॉलिकीटचे केस मोजत असतात. पुढे काय शिकू, असे त्या मला विचारतात. आपले उत्तर आले की त्यांना वाचून दाखवीन.

आपली नम्र,
सिंधुदुर्गातील एक प्राणिशास्त्र शिक्षिका