बोली लावली की ग्राहकपण संपते का?

मा. प्रल्हाद जोशी,
केंद्रीय ग्राहक व्यवहारमंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

माझा धाकटा भाऊ भाजीची वाहतूक करतो. हप्ते थकल्यामुळे फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेला एक पिकअप त्याने गेल्या वर्षी ऑनलाइन लिलावात घेतला. वर्णनात 'चालू स्थितीत' असे लिहिले होते. यार्डात गाडी नुसती बघायला मिळाली, चावी नाही. सगळे पैसे भरल्यावर ती टो करूनच घरी आणावी लागली. मिस्त्रीने इंजिन खोलले, तर ब्लॉकला तडा. साइटवाले म्हणतात, आम्ही फक्त मधले. विकणारा म्हणतो, 'जसे आहे, जेथे आहे' या अटीवर तुम्हीच टिक केलीत!

स्वयंरोजगारासाठी, पोटापाण्यापुरती वस्तू घेणाराही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकच असतो. वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये, असे 2020 चे ई-कॉमर्स नियम सांगतात. मग घोडे पेंड खाते कुठे? 'लिलाव' या शब्दापाशी. वकिलांनी पहिल्याच भेटीत सर्वोच्च न्यायालयाचा 2009 चा चंदीगडचा निकाल पुढे ठेवला: जाहीर लिलावात भूखंड घेणारा ग्राहक नव्हे. पण तो निकाल जागेचा. जागेवर जाऊन चारी बाजूंनी फिरता येते. बंद गाडीच्या इंजिनात कसे डोकावायचे?

जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयासमोर 2004 मध्ये ईबे या ऑनलाइन बोलीच्या साइटवरच्या एका हिऱ्यांच्या ब्रेसलेटचा खटला आला होता. धंदा म्हणून विकणाऱ्याकडून अशी बोली लावून घेणे हा कायद्याच्या अर्थाने लिलावच नव्हे, असे ठरले आणि खरेदीदाराचा कारण न देता माल परत करण्याचा हक्क शाबूत राहिला. एवढी मोकळीक मी मागतही नाही. जुनी गाडी घेणाऱ्याने झिजलेले टायर आणि ओरखडे गृहीत धरावेतच.

मागणी एवढीच: 2020 च्या नियमांत एक स्पष्टीकरण जोडा. विकणारा व्यावसायिक असेल, तर ऑनलाइन बोलीतली खरेदी ही साध्या विक्रीसारखीच धरावी आणि 'जसे आहे' ही अट खोट्या वर्णनावर पांघरूण घालू शकणार नाही. स्वतःची जुनी सायकल एखाद्या वेळी विकणाऱ्याला हे नियम आजही लागू नाहीत, त्यामुळे त्याला झळ बसणार नाही.

पिकअप दारात उभा आहे. भाऊ सध्या दुसऱ्याच्या गाडीवर जातो.

आपली नम्र,
त्याची बहीण