खानापूरच्या आक्कांना

आक्का, सासूबाईंचं टीबीचं औषध पूर्ण झालं. थुंकी पुन्हा तपासली, त्यात काही निघालं नाही. फोनवर तुम्हाला सांगितलंच आहे. तरी चारचौघांत लिहितेय, कारण तुम्ही चर्चमधून आमच्याकडे येत होता तेव्हा गल्लीत बरंच बोललं गेलं. 'बाटवायला येतात' हे त्यातल्या त्यात सौम्य.

आमच्याकडे खोकल्यातून रक्त पडलं की दवाखाना शेवटी आठवतो. रवळनाथाला कौल लावून झाला, गाऱ्हाणं घालून झालं. एका देवऋष्यानं करणी सांगितली, लिंबू-नारळ उतरवला आणि पैसे मोजून घेतले. सौंदत्तीच्या यल्लम्माचा भंडारा तर रोजच कपाळाला. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा उशाशी ताईत, अंगारा सगळं होतं. तुम्ही त्यातल्या कशालाच हात लावला नाहीत.

सासूबाईंनी विचारलं, "तुमचा देव काय घेतो? कोंबडा, साडी?"

"काही ठरवून घेत नाही. आम्ही नुसतं मागतो."

"आणि दिलं नाही तर?"

"तरी मी परत येणार की. पण गोळी चुकवायची नाही."

पुढच्या खेपेला तुमच्या मंडळीचे वडील, म्हणजे चर्चमधले ज्येष्ठ, तेलाची बाटली घेऊन आले. दुखणाइताला तेल लावून प्रार्थना करावी असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे, हे तुम्हीच समजावलंत. प्रार्थना मराठीतच होती, त्यामुळे म्हातारीला शब्दन् शब्द कळला. शेवटी सगळे आमेन म्हणाले आणि सासूबाई सवयीनं "उदे गं आई उदे!" मला घाम फुटला. वडील गालात हसले आणि तुम्ही सासूबाईंच्या पायावर पांघरूण सारखं केलंत.

पण खरे आभार त्यापुढचे. गोळ्या सुरू झाल्या आणि लघवी लालसर व्हायला लागली. घरात एकच गोंधळ, देवी कोपली म्हणून. त्याच दिवशी गोळ्या बंद पडल्या असत्या. तुम्ही संध्याकाळच्या बसनं आलात, कानडीतलं कार्ड वाचून दाखवलंत आणि सांगितलंत की त्यातल्या रिफॅम्पिसिन नावाच्या औषधाचा रंग तसाच उतरतो. पहिले दोन महिने चार औषधं, मग चार महिने तीन, हेही तेव्हाच कळलं. खोकला थांबल्यावर सासूबाई म्हणाल्या, आता कशाला? तेव्हा अर्धवट सोडलं तर आजार उलटतो आणि त्याच गोळ्या मग लागू पडत नाहीत, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत! टीबीच्या रुग्णाला सरकारकडून मिळणारे पोषणाचे महिन्याचे पैसे नोव्हेंबर 2024 पासून पाचशेचे हजार झालेत, हेसुद्धा तुमच्याकडूनच कळलं.

आता घरात वाद आहे, बरं कुणी केलं. भाऊजी यल्लम्माचं नाव घेतात, आमचे हे गोळ्यांचं. माझं विचाराल तर जंतू गोळ्यांनीच मेले. पण देवऋष्यावर विश्वास ठेवणाऱ्या बाईच्या तोंडात सहा महिने रोज गोळी जायची, तर तिचा भरवसा असलेलं माणूस समोर लागतं. तो भरवसा तुम्ही तिच्या देव्हाऱ्याशी भांडून मिळवला नाहीत. तिचं कुंकू तसंच आहे, ती माघी पौर्णिमेला सौंदत्तीलाही जाणार आहे, आणि तुम्ही आलात की प्रार्थनेला हात जोडून बसते.

एक काम आहे. वरच्या गल्लीतल्या काकांचा खोकला दोन आठवड्यांच्या वर गेलाय. घरचे कौल लावायच्या तयारीत आहेत. रविवारची उपासना आटोपून याल का? थुंकीची डबी मी दवाखान्यातून आणून ठेवते.

तुमची,
सासूबाईंची सून