बाबा, रोपं आणायच्या आधी हे वाचा

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुमचा व्हॉइस मेसेज ऐकला. गायरानात झाडं लावायचं ठरतंय आणि तुम्ही पुढे आहात, मस्तच. पण रोपांची ऑर्डर द्यायच्या आधी झारखंडात जंगल राखणाऱ्या जमुना टुडूंबद्दल थोडं ऐका, २०१९ साली पद्मश्री मिळाली ना, त्याच.

त्यांचं मुटुरखाम गाव चाकुलियाकडे, म्हणजे आमच्या जमशेदपूरच्याच जिल्ह्यात. संथाल बाई, माहेर ओडिशातलं, १९९८ ला लग्न होऊन इकडे आल्या आणि बघतात तर घरामागचं साल वृक्षांचं जंगल राजरोस तोडलं जातंय, थोडं सरपणाला आणि बाकी सगळा लाकूडमाफियाचा धंदा. सुरुवातीला चार-पाच बायकाच बरोबर आल्या. मग काठ्या, धनुष्यबाण घेऊन पाळीपाळीने गस्त, सकाळ दुपार संध्याकाळ! लाकूड रेल्वेने बाहेर जायचं म्हणून या स्टेशनवरही जाऊन भिडल्या, त्यात एकदा दगडफेक झाली, नवऱ्याचं डोकं फुटलं. (आई, तू म्हणशील घरचे कसे सोडतात, अगं नवराच सोबत होता.)

आता मुद्दा. सालाचं झाड तोडलं तरी मुळं जिवंत असतात, बुंध्यातून फुटवे येतात, त्यांना कुऱ्हाड आणि गुरं लागू दिली नाहीत की जंगल आपलं आपण उभं राहतं. म्हणजे खरं काम राखणीचं. रोपं त्याही लावतात, मुलगी झाली की १८, मुलीच्या लग्नात १०, राखीपौर्णिमेला झाडांना राख्या पण बांधतात आणि पेपरात फोटो त्याचेच येतात, रोजच्या गस्तीचा फोटो काढायला कोण जाणार.

आपल्या गायरानातही पळसाचे खुंट आहेतच की, दर पावसाळ्यात फुटतात आणि दर उन्हाळ्यात कोणीतरी तोडून नेतं. तिथे नवीन रोपं लावून त्यांचंही तेच होणार. आधी कुऱ्हाडबंदी-चराईबंदीचं बघा, हिवरे बाजारला जमलंय ते. आणि समितीत बायका घ्या, नावापुरत्या नाही हं, सरपणाला जाणाऱ्या. कुठलं झाड काल होतं आणि आज नाही हे त्यांना बरोबर माहीत असतं, आणि हिरवं तोडायचं नाही, वाळक्या काटक्याच आणायच्या हा नियम त्यांनी स्वतः केला तरच टिकेल, तुम्ही पारावर बसून केलेला नाही टिकणार, सॉरी बाबा.

फक्त शेळ्यांचं काय ते शेळीवाल्यांना बसवून आधी ठरवा, त्यांना चरायला एक बाजू मोकळी ठेवावीच लागेल, नाहीतर पहिल्याच आठवड्यात भांडणं. आई, तू जा ग्रामसभेला, बाबा एकटे गेले की सगळ्यांना हो म्हणून येतात. काय ठरलं ते रविवारी फोनवर सांगा.

तुमची,
लेक