गजासाठी घर हवंय

पुणे,
५ ऑक्टोबर २०२५, रविवार रात्र

प्रिय सुन्या,

फोन केला असता, पण फोनवर तू दोन मिनिटांत ‘नाही’ म्हणशील आणि विषय कायमचा मिटेल. म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच, मग काय ते सांग.

जूनपासून मी दर रविवारी सकाळी इथल्या एका प्राण्यांच्या शेल्टरमध्ये जातो, हे तुला ठाऊक आहे. पिंजरे धुवायचे, गोचिडं काढायची, जे पट्टा लावू देतात त्यांना फिरवून आणायचं. तिथल्या एका कुत्र्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचंय. त्याचं नाव गजा. नाव तिथे भात शिजवणाऱ्या मावशींनी ठेवलं, कारण आला तेव्हा त्याला काही नावच नव्हतं.

ग्रेट डेन आहे. नावात डेन, म्हणजे डेन्मार्कचा, असलं तरी ही जात मूळची जर्मनीतली, रानडुकरांच्या शिकारीसाठी वाढवलेली. खांद्यापाशी तीस इंच, म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलाएवढा. अंग पिकल्या गव्हाच्या रंगाचं आणि तोंड काजळ फासल्यासारखं काळं. एप्रिलमध्ये एका सकाळी फाटकाला बांधलेला सापडला. शेजारी जर्मनचं पातेलं आणि वहीच्या कागदावर चिठ्ठी: बंगला पाडून बिल्डिंग होतेय, आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये जातोय, तिथे कुत्रं चालत नाही. खाली सही नाही, कुत्र्याचं नावही नाही. पुण्यात सध्या गल्लोगल्ली जुने बंगले पडतायत आणि त्या राड्यारोड्यातून अशी कुत्री रस्त्यावर येतायत. सोसायटीला ठराव करून कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांत तसं स्पष्ट म्हटलंय. पण हे त्या माणसांना कुणी सांगितलं नसेल, किंवा भांडायची ताकद नसेल. मी त्यांना शिव्या घालत नाही. गळ्याभोवतीचा व्रण दिसला की मात्र घालाव्याशा वाटतात. साखळी मांसात रुतेपर्यंत कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

आला तेव्हा वजन ३८ किलो, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. आता ५४ आहे. दातांवरून डॉक्टरांनी वय चारेक वर्षं धरलंय. गोचीडतापातून उठलाय, नसबंदी झालीय, रेबीजची आणि नाइन-इन-वनची लस दिलीय.

पहिले काही आठवडे त्याचं तोंड कुणी धड पाहिलंच नाही, असं मावशी सांगतात. पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचा. पाण्याची एक निळी बादली होती, तिच्यामागे मुंडकं घालायचा. मुंडकं लपलं की आपण कुणाला दिसत नाही अशी त्याची समजूत, आणि मागे एवढं मोठं धूड सगळं उघड्यावर. मी जूनमध्ये गेलो तेव्हाही तसाच होता. पोटात कालवतं रे ते बघून. खराटा दिसला की जमिनीला चिकटतो. कुणी हेल्मेट घालून आलं की जागच्या जागी लघवी होते. शटर ओढल्याचा आवाज आला की पाय लटलट कापतात. काय झालं असेल त्याच्याबरोबर, ते आता कुणी सांगणार नाही. पण आजवर एकदाही कुणावर गुरगुरलेला नाही. डॉक्टर सुई टोचत होते तेव्हा नुसती जीभ नाकावरून फिरवत राहिला. मी म्हटलं, किती शांत आहे. मावशी म्हणाल्या, ‘शांत कुठला, भ्यालाय तो.’ कुत्रं सारखं ओठ चाटत असेल, झोप आलेली नसताना जांभया देत असेल, मान न वळवता डोळ्यांचं पांढरं दाखवत बघत असेल, तर ते भ्यालेलं असतं. इतकी वर्षं कुत्र्यांत वावरून मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी मावशींच्या सांगण्यावरून एकच गोष्ट करत राहिलो. त्याच्या पिंजऱ्यात जाऊन त्याच्याकडे पाठ करून बसायचं. हाक मारायची नाही, हात पुढे करायचा नाही, डोळ्यांत बघायचं नाही. रविवारची पुरवणी घेऊन जायचो आणि अर्धा-पाऊण तास वाचत बसायचो. मागे उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकून ठेवायचा. पहिल्या दोन रविवारी मी बाहेर पडल्याशिवाय त्याने अंड्याला तोंड लावलं नाही. तिसऱ्या रविवारी मागे लपकन आवाज आला. मी पान उलटलं तर परत सगळं चिडीचूप. जुलैत, बाहेर पाऊस कोसळत होता, तेव्हा मानेवर गरम श्वास आला. कॉलर हुंगली, कान हुंगला आणि परत कोपऱ्यात. मी त्या दिवशी घरी येऊन बायकोला दहा वेळा तेच सांगत होतो.

आता काय करतो सांगू? शेजारी उभा राहतो आणि हळूहळू सगळं अंग माझ्या मांडीवर टाकतो. आधी खांदा, मग बरगड्या, मग सगळा भार. डेन कुत्र्यांची ही सवयच असते म्हणतात, माणसावर रेलायची. चोपन्न किलो रे! भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. तसा रेलला की डोळे मिटतो आणि एक लांबलचक उसासा सोडतो. कुणी नवीन माणूस आला की माझ्यामागे लपतो, म्हणजे डोकं माझ्या काखेत घालतो. मावशींवर तर इतका जीव आहे की त्यांची चप्पल वाजली तरी कान उभे होतात.

पण इथेच खरी अडचण आहे, आणि ती बघूनच मला तुझी आठवण झाली.

ऑगस्टच्या अखेरीस एका रविवारी त्याच्या पिंजऱ्याच्या भिंतीवर रक्ताचे शिंतोडे दिसले. कंबरेएवढ्या उंचीवर, दोन्ही बाजूंना, रंगाचा कुंचला झटकल्यासारखे. मला वाटलं मारामारी झाली. निघालं काय, तर त्याची शेपटी. इतके महिने पायांत घातलेली ती शेपटी आता मावशींना बघून हलायला लागली होती, आणि पिंजरा चार फुटी. ही शेपटी म्हणजे चाबूक. एकदा या भिंतीवर, एकदा त्या गजांवर, टोक फुटतं आणि रक्त उडत राहतं. मलम लावलं, कापूस गुंडाळला, वरून पट्टी. आठ दिवसांत खपली धरते, परत कुणीतरी आवडतं माणूस येतं, परत फुटते. आज माझ्या डोळ्यांसमोर फुटली. मी फाटकातून आत शिरलो, त्याने पाहिलं, आणि दोन फटक्यांत भिंत लाल. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर टोक कापावं लागेल. सुन्या, घाबरलेला होता तोवर शेपटी धड होती. आनंदी व्हायला लागला तर जागा पुरत नाही.

शेल्टरचा यात काही दोष नाही. शंभरावर जनावरं आहेत, आहे त्यात ते करतायत. सिमेंटवर झोपून कोपरांवर घट्टे पडलेत, तर मावशींनी घरची गोधडी आणून टाकलीय.

दत्तक न्यायला लोक येतात, पण पिल्लांसाठी. गजाच्या पिंजऱ्यापाशी थांबले तर विचारतात, राखण करेल का? किती खातो? कोपऱ्यात का बसलाय? ऑगस्टच्या सुरुवातीला एक कुटुंब घेऊन गेलं होतं, भली माणसं होती. चौथ्या दिवशी परत आणून सोडला. वॉशिंग मशीनच्या मागे शिरला, बाहेरच येईना, तिथेच सगळं केलं. घरात पाहुणे, लहान मुलं सारखी हाका मारतायत, हात घालतायत. चार दिवसांत काय होणार? शेल्टरमधली माणसं तीन-तीन-तीनचा हिशोब सांगतात: तीन दिवस भेदरलेला, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांनी आपलं घर वाटायला लागतं. गजासारख्याला त्याहून जास्तही लागेल.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. वाघ्या गेला त्या रात्री मी तुझ्याबरोबरच होतो. चिक्कूखाली खड्डा आपण दोघांनी खणला. तू म्हणालास, ‘आता या घरात कुत्रं नाही.’ मी तेव्हा काही बोललो नाही आणि तीन वर्षांत कधी विषयही काढला नाही. आजही तुझ्यापासून काही लपवत नाही. ही जात सात ते दहा वर्षं जगते. गजा चार वर्षांचा आहे. म्हणजे चार-पाच वर्षांनी आपण परत फावडं घेऊन त्या चिक्कूखाली उभे असू, कदाचित त्याच्याही आधी. हे माहीत असून मी तुला विचारतोय. कारण ती चार-पाच वर्षं त्याने चार फुटांत काढायची की तुझ्या अंगणात, एवढाच प्रश्न माझ्यासमोर आहे. मी स्वतः आणला असता. दुसरा मजला, दोन खोल्या, त्यात बाबांचा पलंग आणि वॉकर. बाबांवर तो रेलला तर काय होईल ते तूच बघ.

बाकीचंही सांगून टाकतो. खातो भरपूर. भात, चिकन, अंडी आणि थोडं तयार खाद्य मिळून महिन्याला सहा-सात हजार धर, त्यातला निम्मा भार माझा. जेवण एकदम द्यायचं नाही, दोन-तीन वेळा विभागून, आणि खाल्ल्यावर तासभर पळू द्यायचं नाही. या मोठ्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडतो. पोट फुगलं, उलटीचे उमाळे येतायत पण बाहेर काही पडत नाही, जागेवर ठरत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्या क्षणी डॉक्टर गाठायचा. साताऱ्यात रात्री कोण उघडं असतं ते मी आधी काढून ठेवतो. आणि तुझं मागचं कुंपण. पुढची भिंत उंच आहे, पण हळदीच्या शेताकडची नुसती तार आहे. भ्यालेलं कुत्रं सुटलं तर हाकेला येत नाही, उलट लांब पळतं, आणि पलीकडे हमरस्ता.

माईंना वाचून दाखव हे पत्र. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून, ही गोष्ट लहानपणी त्यांनीच आपल्याला ओसरीवर बसून सांगितलीय. वाघ्या गेल्यापासून दुपारची भाकरी त्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालतात, असं तूच म्हणाला होतास.

वसुबारस १७ तारखेला आहे. त्याच्या आत त्याला इथून हलवता आलं तर मला दिवाळी गोड लागेल. शेल्टरच्या मागच्याच वस्तीत सुतळी बाँब लावतात, आणि पत्र्याखाली तो आवाज दुप्पट होतो. तुझं घर गावाबाहेर आहे, पडवीला दार आहे.

लगेच हो म्हणू नकोस. येत्या रविवारी ये, माझ्याबरोबर नुसता बसायला. पाठ करून बस, पेपर वाच. मनात आलं तर महिनाभर सांभाळायला म्हणून ने. शेल्टरची माणसं आधी घर बघून जातील, एक अर्ज भरून घेतील, बस. गाडी मी चालवीन, खंबाटकी चढताना तो मागे तुझ्यावर रेलेल, तेवढी तयारी ठेव. आणि नाही जमलं तर तसं सरळ सांग, आपल्यात त्याने काही बदलणार नाही. मी दुसरं घर शोधत राहीन.

मागच्या कुंपणाला जाळी किती लागेल ते मात्र मोजून कळव. पाच फुटी बघतो, इथे स्वस्त मिळते.

उद्या कोजागिरी. माईंना नमस्कार.

तुझा,
नंदू

ता. क. मोटरसायकलवर आलास तर हेल्मेट फाटकाच्या बाहेरच काढून ठेव.